शेरवानीचं माप आणि माझी पहिली नोकरी

शेवटच्या वर्षी आमच्या कॉलेजात ‘करिअर मार्गदर्शन मेळावा’ झाला. प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले आणि वेळेच्या नियोजनावर पाऊण तास बोलले. दीपप्रज्वलनासाठी सभागृहातले पंखे बंद केले होते. समई विझली तरी ते पुन्हा लावायचं कुणाला सुचलं नाही. डिसेंबर होता म्हणून निभावलं. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, पाहुण्यांचा परिचय, परिचय करून देणाऱ्यांचा परिचय, असं सगळं रीतसर पार पडलं. यशाला शॉर्टकट नसतो, असं पाहुण्यांनी तीनदा सांगितलं. मला एवढंच विचारायचं होतं की परीक्षेच्या किती महिने आधी नोकरी शोधायला लागावं. प्रश्नोत्तरांसाठी राखलेली दहा मिनिटं आभारप्रदर्शनात गेली.

मी अमरावतीला डायलिसिस टेक्निशियनचा अभ्यासक्रम करत होते. किडनी काम करेनाशी झाली की माणसाचं रक्त यंत्रातून फिरवून, साफ करून परत अंगात सोडावं लागतं. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. ते यंत्र चालवणारी माणसं म्हणजे आम्ही. हे मला गेली काही वर्षं सगळ्या नातेवाइकांना समजावून सांगावं लागलं आहे आणि तरीही माझी एक आत्या मला नर्सच म्हणते.

आमचं घर हिवरखेडला. वडील फुलं आणि भाजीपाला लावतात, आई तो विकते. आम्ही दोघी बहिणी. मला अमरावतीला पाठवताना वडिलांनी एकच अट सांगितली होती, “एका वक्ती एकच पोरगी होस्टेलात राहीन.” म्हणजे मी नोकरीला लागले की धाकटी बाहेर पडणार. ती बारावीला होती आणि तिला फिजिओथेरपी करायची होती. तिच्या प्रवेशाच्या वेळेपर्यंत माझं जमलं नाही, तर ती वर्षभर घरी बसणार होती. आमच्याकडे एक वर्ष घरी बसलेली मुलगी दुसरं वर्षही घरीच बसते आणि तिसऱ्या वर्षी तिला पाहायला पाहुणे येतात. हे कुणी बोलून दाखवत नसे, कारण सगळ्यांना माहीत होतं.

मेळाव्यातून आल्यावर मी वडिलांना फोन करून तोच प्रश्न विचारला.

“पयले पास तं हो बाई,” ते म्हणाले. “बजारात तुरी अन् भट भटनीले मारी. निकाल लागू दे, मंग पाहू.”

मलाही ते पटलं. मी शाळेपासून वाचनालयातली पुस्तकं उचलून आणणारी मुलगी. पुस्तकं वाचून माझी अशी समजूत झाली होती की सभ्य माणसं स्वतःसाठी काही मागत नाहीत, आणि मागितलंच तर हातात पदवी घेऊन, खाली मान घालून मागतात. निकालाआधी नोकरी विचारणं म्हणजे पंगत बसायच्या आधी पानावर जाऊन बसणं. वऱ्हाडात जन्म घेऊन इतकं मिळमिळीत कसं होता येतं, असं आई मला अधूनमधून विचारायची.

इंटर्नशिपला मी अमरावतीच्याच एका केंद्रात होते. सकाळी सहाला पहिली पाळी सुरू व्हायची. पेशंटचं वजन करायचं, दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत अंगात किती पाणी साठलं ते पाहायचं, हातातल्या, ऑपरेशन करून जोडलेल्या शिरेत दोन सुया घालायच्या आणि यंत्र सुरू करायचं. मग चार तास पेशंट पडून. वर्तमानपत्र वाचून होतं, झोप येत नाही, एक हात बांधलेला. उरतात फक्त गप्पा. त्या खोलीत कळायची नाही अशी बातमी अमरावती जिल्ह्यात घडत नसे.

सोमवार, बुधवार, शुक्रवार या पाळीला एक म्हातारे शिंपी यायचे. मूळचे अकोल्याच्या जुन्या शहरातले. डायलिसिस सुरू झाल्यापासून अमरावतीला मुलीकडे राहत, अकोल्याचं दुकान मुलगा चालवत असे. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. सुई माझ्याच हातची हवी, असा त्यांचा आग्रह होता. “चालीस साल सुई पकडी मैंने,” ते म्हणायचे, “मेरेको मालूम किसका हाथ हलका है.” माझ्या आयुष्यातलं ते पहिलं प्रमाणपत्र, आणि अजूनही मला तेच सगळ्यात खरं वाटतं.

संक्रांत झाल्यावर एका सकाळी आमच्या केंद्रातली सिनिअर ताई पेढ्यांचा बॉक्स घेऊन आली. तिचा साखरपुडा झाला होता. लग्न अक्षय तृतीयेनंतर, सासर पुसदला. मी तिला मिठी मारली, पेढा खाल्ला, मुलाचा फोटो पाहिला, मुलगा बरा दिसतो असं सर्वानुमते ठरलं. चाचांना साखर वर्ज्य. त्यांनी पेढ्याचा कण तोंडात टाकला आणि बाकीचा माझ्या हातावर ठेवला.

“बेटी, तुम्हारा कोर्स कब पूरा होता?”

“मे महिन्यात परीक्षा आहे चाचा. जुलैत निकाल. त्यानंतर बघू.”

“हौ? उसके बाद?” एवढं म्हणून त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, थकले. आता वाटतं, त्यांना माझी कीव आली असावी.

मार्चमध्ये भिंतीवर पुढच्या महिन्यांचं ड्युटीचं कोष्टक लागलं. ताईच्या जागी माझ्याबरोबर इंटर्नशिप करणाऱ्या मैत्रिणीचं नाव होतं. मी तिला गाठलं.

“तू कधी विचारलंस?”

“त्याच दिवशी. सरायच्या केबिनमंदी गेली तं पेढा तोंडातच होता.”

“अगं, पण आपला निकाल लागायचाय अजून!”

“मंग? ताईचं तरी लगन कुठी लागलं होतं तवा?”

तिला निर्लज्ज ठरवून मी दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी हे उमगलं की ज्या जागेवर मला उभं राहता आलं असतं, ती जागा माझ्या डोळ्यांसमोर रिकामी झाली होती आणि मी त्या आनंदात दीड पेढा खाल्ला होता.

त्याच आठवड्यात बहिणीचा फोन आला. तिचे पेपर संपले होते.

“ताई, बाबा इचारून राह्यले, तुह्यं काई जमलं का?”

“निकाल लागू दे गं.”

“हे पाय, तुह्या निकालानं तुह्यं काम होईन. माह्यं कशानं होईन ते सांग.” मग आवाज खाली आणून, “रागावली का वं? मी असंच म्हनलं.”

ती असंच म्हणाली नव्हती. मी त्याच दिवशी अर्ज लिहायला बसले. अमरावती आणि अकोला मिळून सात ठिकाणी पाठवले. भाषणबाजीला हसणाऱ्या मुलीने ते अर्ज लिहिले होते हे आज वाचताना खरं वाटत नाही. ‘वरील विषयास अनुसरून अत्यंत नम्रपणे सादर करते की’ इथून सुरुवात, ‘आपल्या नामांकित संस्थेच्या सेवेची संधी लाभल्यास मी स्वतःस धन्य समजेन’ इथे शेवट. नोकरी मागते आहे की माफी, हे वाचणाऱ्याला शेवटपर्यंत कळू नये अशी व्यवस्था होती. पाच ठिकाणांहून काहीच आलं नाही. एकाने नोंदणी क्रमांक कळवा म्हटलं. तो निकालानंतरच मिळतो. सातव्या ठिकाणी, अकोल्याला, मी स्वतः फोन केला. तिथल्या क्लार्कने अर्ज शोधून काढला, वाचला असावा, कारण बराच वेळ काही बोललाच नाही.

“म्याडम, आमच्या जागा तं जानेवारीतच भरल्या. तुमी काहून नाई आल्या तवा?”

“तेव्हा माझा निकाल लागला नव्हता.”

“निकाल तं त्यायचाबी नोता लागला,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. तो खरंच मला मदत करत होता, फक्त दोन महिने उशिरा.

दुसऱ्या दिवशी चाचांना सुई लावताना त्यांनी तोंड वाकडं केलं.

“आज हाथ भारी है बेटी. क्या हुआ?”

मी सांगितलं. बहिणीचंही सांगितलं. एरवी मी पेशंटपाशी घरचं बोलत नसे, पण त्या खोलीत चार महिने काढल्यावर आपलं घर कुठे संपतं हे नीट आठवत नाही.

“तो किसको पूछा तुमने?”

“सात ठिकाणी अर्ज केले.”

“वो तो कागज को पूछा. आदमी को किसको पूछा?”

मी यंत्रावरचे आकडे वहीत उतरवायला लागले.

“सुनो. शादी मई में होती. पत्रिका अप्रैल में छपती. पन कपडा मेरे पास फरवरी में आता. दुनिया को पत्रिका से मालूम पडता, दर्जी को माप से. जो आठ दिन पहले कपडा लेके आया, उसको मैं बोलता, मियाँ, अब अगली शादी में आना.” शेजारच्या खाटेवरचे पेशंट हसले. चाचा हसले नाहीत. “तुम्हारे लाइन में सब कितने साल के? पच्चीस, छब्बीस. सब की शादी इसीच मौसम में. शादी हुई, गाँव बदला, जगह खाली. जुलाई में क्या मिलेगा तुमको? पंडाल का बाँस?”

मी मनातल्या मनात आमच्या केंद्रातून सोडून गेलेल्यांची आठवण काढली. ताई आता अक्षय तृतीयेनंतर जाणार. तिच्या आधीची मे महिन्यात. तिच्या आधीचा, लग्न करून बायकोच्या गावी गेलेला, तोही उन्हाळ्यातच. परीक्षा, निकाल, नोंदणी हे सगळं विद्यापीठाच्या कॅलेंडरप्रमाणे चालत होतं आणि आमच्या क्षेत्रातल्या जागा पंचांगाप्रमाणे रिकाम्या होत होत्या. तुळशीचं लग्न लागलं की स्थळं पाहायला सुरुवात, संक्रांतीच्या आसपास पेढे, उन्हाळ्यात लग्न. नोकरी शोधायची वेळ पेढ्यांच्या आधीची होती. मेळाव्यात शाल पांघरून बसलेल्या एकाही मान्यवराला हे ठाऊक नव्हतं, आणि ज्याला ठाऊक होतं तो आठवड्यातून तीनदा माझ्यासमोर हात पुढे करून झोपत होता.

चाचांनी मोकळ्या हाताने मुलाला फोन लावला. ते फोनवर नेहमी, आवाज अकोल्यापर्यंत आपणच पोचवायचा आहे अशा बेताने बोलत. दुकानात शिवायला टाकणाऱ्यांत दवाखान्यातलं कुणी आहे का, एवढी चौकशी त्यांनी केली आणि ती सगळ्या खोलीने ऐकली.

शुक्रवारी उत्तर घेऊनच आले. अकोल्याच्या एका डायलिसिस केंद्रातला टेक्निशियन शेरवानीचं माप देऊन गेला होता. लग्न मेमध्ये, मुलगी नागपूरची, आणि त्याने नोकरीही नागपूरलाच पाहिली होती.

“कल शनिवार है. जाओ.”

“पण चाचा, निकाल नसताना काय सांगू?”

“जो है वो बोलो. जो नहीं है वो भी बोलो. पन जाओ.”

शनिवारी सकाळच्या एसटीने मी अकोल्याला गेले. सोबत इंटर्नशिपची वही होती. त्यात रोज किती पेशंटना सुया लावल्या, यंत्रात काय बिघाड झाला, काय केलं, याची नोंद आणि सह्या असतात. केंद्राचे डॉक्टर पन्नाशीचे, घाईतले. त्यांनी वही उभ्यानेच चाळली.

“निकाल?”

“जुलैमध्ये.”

“मग आत्ता कशाला आलात?”

बसमध्ये मी या प्रश्नाची तीन उत्तरं तयार केली होती, तिन्ही नम्र. पण त्या क्षणी चाचांचं ‘जो है वो बोलो’ डोक्यात होतं.

“कारण तुमचे टेक्निशियन मे महिन्यात जाणार आहेत.”

डॉक्टरांनी वही खाली ठेवली. दारात एक तरुण फाईल घेऊन उभा होता. त्याचा चेहरा पाहिला आणि मला दोन गोष्टी एकदम कळल्या. शेरवानी याची होती, आणि याने अजून डॉक्टरांना काही सांगितलेलं नव्हतं.

“का रे,” डॉक्टर त्याच्याकडे वळले, “तू चाल्ला का?”

“सर, मी... सांगनारच होतो.”

“कधी? वरातीतून?”

तो खाली पाहत राहिला. मी त्याच्याहून खाली. नोकरी मागायला गेले आणि दुसऱ्याची गुपचूप ठेवलेली गोष्ट उघडी करून बसले. आयुष्यभर ज्या आगाऊपणापासून मी लांब राहिले, तो पहिल्याच दिवशी इतक्या सराईतपणे केला होता.

“तुम्हाला कोणी सांगितलं?” डॉक्टरांनी मला विचारलं.

“पेशंटनी.”

“वा,” ते म्हणाले. “म्हणजे माझ्या सेंटरमधली बातमी मला सोडून साऱ्या वऱ्हाडाला माहीत.” आणि मला बाहेर थांबायला सांगितलं.

आतला आवाज बराच वेळ चढा होता, मग उतरला. तो तरुण बाहेर आला तेव्हा मी उठून उभी राहिले.

“दादा, माझी चूक झाली. मला वाटलं सरांना माहीत असेल.”

“चूक तं झालीच,” तो म्हणाला. “रागबी आला मले.” मग माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला. “तीन हप्ते झाले, रोज सकाळी ठरवून येतो का आज सांगतो. अन् सर रोज म्हनतात, तुह्याच भरवशावर सेंटर चालू हाये. मंग तोंडच उघडत नाई. तिकडं नागपूरवाले म्हनून राह्यले, तारीख सांगा.” त्याने मान हलवली. “मी आनखी महिना तसाच काढला असता.”

मी इतका वेळ समजत होते की मागायला न जमणारी मी एकटीच. सांगायला न जमणाराही असतो, आणि दोघांचा उशीर सारखाच.

डॉक्टरांनी मला पुन्हा आत बोलावलं. दर शनिवारी येऊन त्या तरुणाकडून काम समजून घ्यायचं, निकाल आणि नोंदणी झाली की रुजू व्हायचं. मधले दोन महिने कसे चालवायचे ते त्यांचं ते पाहतील. “कागद आत्ता देता येणार नाही, कारण तुमच्याकडेच कागद नाही. शब्द देतो. चालेल?”

“चालेल,” मी म्हणाले आणि तिथून तशीच हिवरखेडला गेले. वाटभर मला एकच काळजी होती. निकालाचा कागद मागणाऱ्या वडिलांना नुसता शब्द कसा चालणार?

घरी पोचले तेव्हा वडील पाठीवरचा फवारणीचा पंप उतरवत होते. बहीण अंगणातल्या चुलीपाशी होती. मी सगळं सांगितलं.

“कागद कुठी हाये?” वडील म्हणाले.

“कागद नाही देला. शब्द देला.”

“कोनं?”

“डॉक्टरनं. सोता.”

ते पंपाचे पट्टे सोडवत राहिले. मलाच राहवलं नाही. “बाबा, तुम्ही दसऱ्यापासून मागं दिवस मोजून झेंडू लावता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी फुललेला झेंडू ढोरं खातात, हे तुम्हीच सांगता. अन् मला म्हणे, पहिले पास हो.”

“फुलाचं मले समजते बाई,” ते पंप खाली ठेवत म्हणाले. “तुह्या लाइनचं मले काय समजते? जिथं समजत नाई तिथं मी म्हन सांगतो.” हात धुऊन आल्यावर त्यांनी बहिणीकडे पाहिलं. “फारम कवा निंघते तुह्यं?”

तिला उत्तर पाठ होतं, तरी ती म्हणाली, “पाहून सांगतो.” आणि पाहायला म्हणून आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

सोमवारी चाचांना सांगितलं. त्यांनी आशीर्वाद दिला, शेजारच्या खाटांना ही बातमी मोठ्याने सांगितली, आणि मग हात पुढे करताना म्हणाले, “ये तो अच्छा हुआ. पन अब मेरेको सुई कौन लगाएगा?” मी माझ्या मैत्रिणीचं नाव घेतलं, पेढा तोंडात ठेवून आत गेलेल्या. तिचा हात माझ्यापेक्षा थोडा जड होता. मे संपेपर्यंत मी तिला चाचांच्या हातावर माझ्यासमोर सुया लावायला लावल्या. चाचांनी प्रत्येक वेळी तोंड वाकडं केलं, पण हात मागे घेतला नाही.

आता कॉलेजची मुलं कधीकधी फोन करून विचारतात, नोकरी कधीपासून शोधायची? मी म्हणते, शेवटच्या वर्षाची दिवाळी झाली की. कुणाचा साखरपुडा झाला ते ऐकत राहा, जिथे इंटर्नशिप करता तिथल्या माणसांना तोंडाने विचारा, आणि निकाल नाही हे पहिल्याच वाक्यात सांगून टाका. फक्त दुसऱ्याच्या वतीने राजीनामा देऊ नका. यावर ती हसतात. त्यांना वाटतं, मी विनोद करते आहे.

त्या वर्षी जुलैत निकाल लागला. नोंदणीला आणखी काही आठवडे लागले, तोवर डॉक्टरांनी एक बदली माणूस आणून कसंबसं निभावलं आणि मला रोज फोन केला. ऑगस्टमध्ये मी रुजू झाले. बहिणीला अमरावतीला प्रवेश मिळाला. तिला होस्टेलला सोडायच्या दिवशी माझ्या दोन पाळ्या होत्या आणि बदलीला कुणी नव्हतं. ज्या दिवसासाठी इतकं सगळं केलं, त्या दिवशी मी अकोल्यात पेशंटची वजनं करत होते. आईवडील आणि ती, तिघं मिळून गेली.

दुपारी पहिली पाळी उतरवल्यावर फोन पाहिला, तर तिचे चार मिस्ड कॉल. मी लावला.

“ताई, खोली वरच्या माळ्यावर हाये. खिडकीची कडी तुटेल हाये, पन हवा येते. मच्छरदानी इसरली.”

“शनिवारी आणते. बाबा काय म्हणाले?”

“बाबा? ते होस्टेलच्या बाईले म्हने, हिची मोठी बहीण अकोल्याले नोकरीवर हाये. बाई म्हने, बरं. मंग सही करता करता पुन्हा म्हनले. मंग जिना उतरतानी पुन्हा. शेवटी बाई म्हने, काका, समजलं.”